फवारणीच्या पंपापासून घरगुती धुलाईयंत्र : जुळणी व दोषनिवारण

द्राक्षें व डाळिंबें लावणाऱ्या बागाइतदारांकडे तीन दट्ट्यांचा एचटीपी पंप बहुधा असतोच. फवारणीचा हंगाम सरला कीं तो कोपऱ्यांत पडून राहतो. त्यास मोटर, टाकी, दाबाची नळी व गन जोडिली असतां ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व गोठ्याची फरशी धुण्याचें उत्तम साधन घरच्या घरीं तयार होतें. मात्र दाब पंपांतच उत्पन्न होतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पंप पाणी केवळ ढकलतो. नोझलच्या बारीक छिद्रापाशीं त्या पाण्यास अडथळा झाला म्हणजे दाब चढतो. हें तत्त्व ध्यानांत ठेविल्यास पुढील सर्व गोष्टी सुलभ होतात.

जुळणी.—मिनिटास २० लिटर पाणी दर चौरस सेंटिमीटरास ३० किलो दाबानें सोडण्यास सुमारें सव्वा अश्वशक्ति लागते. घर्षणाची तूट धरून २ अश्वशक्तीची मोटर घ्यावी. अशा मोटरीचे मिनिटास सुमारें १,४४० फेरे होतात. पंपावरील पत्र्यावर ९०० फेरे लिहिले असल्यास मोटरीवर ५ इंची व पंपावर ८ इंची पुली बसवावी. या मापास नोझलचें छिद्र सुमारें अडीच मिलिमीटरांचें लागतें. टाकी पंपाहून उंच ठेवावी. पाणी ओढणारी नळी आंखूड व रुंद असावी, व तिच्या तोंडास जाळी असावी. गन मिटली तरी पंप पाणी ढकलीतच राहतो. म्हणून बायपासची नळी टाकींत सोडलेलीच पाहिजे, नाहींतर दाबाची नळी फुटते. यंत्र सुरू करतांना दाबाचा स्क्रू सैल ठेवून मग हळूहळू आंवळावा.

दोष व उपाय.—

(१) पाणी न येतां फुसफुस होत असेल, तर ओढणाऱ्या नळींत हवा शिरत आहे. सांधे आंवळावे व जाळी धुवावी.

(२) धार हिसके देत असेल, तर तीनपैकीं एखाद्या दट्ट्याच्या झडपेंत कचरा अडकला आहे. झडपा उघडून साफ कराव्या.

(३) पाणी भरपूर, परंतु दाब नाहीं, अशा वेळीं स्क्रू आंवळीत बसूं नये. प्रथम नवें नोझल लावून पाहावें. अडीच मिलिमीटरांचें छिद्र झिजून तीन मिलिमीटरांचें झालें, एवढ्यानेंच दाब निम्म्याखालीं उतरतो. नवें नोझल लावूनही दाब न चढल्यास, व गन उघडी असतां बायपासमधून बरेंच पाणी परत येत असल्यास, बायपासची झडप झिजली असें समजावें.

(४) ऑइल दुधासारखें पांढरें झाल्यास सील फुटून आंत पाणी शिरलें आहे. सील व ऑइल बदलल्यावांचून पंप फिरवूं नये.

सावधगिरी.—दर चौरस सेंटिमीटरास ७ किलो दाबाची बारीक धारही कातडी भेदूं शकते. जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते व प्रथम फारशी दुखत नाहीं. परंतु आंत शिरलेलें पाणी व औषधाचा अंश यांमुळें बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळीं हळद लावून घरीं न बसतां तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें व काय घडलें तें स्पष्ट सांगावें. धार जनावरांच्या अंगावर कधींही सोडूं नये. मोटरीस अर्थिंग व गळता प्रवाह तोडणारा आरसीसीबी खटका असावा. पट्ट्यावर जाळीचें झांकण घालावें, कारण धोतराचा सोगा किंवा पदर त्यांत ओढला जाण्यास क्षणही लागत नाहीं.

फवारणींत वापरलेला पंप, टाकी व नळ्या गोठ्याकडे नेण्यापूर्वीं तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवाव्या, व तें पाणी विहीर, ओढा व जनावरांचा हौद यांपासून दूर सोडावें. यंत्र सुरू असतां मुलांस जवळ येऊं देऊं नये. आणि नोझल काढण्यापूर्वीं मोटर बंद करून गन दाबून दाब सोडून द्यावा, ही सर्व बंधूंस विनंति आहे.