न मोजलेली मते

राजाची सत्ता उलथून टाकली म्हणजे लोकांचे राज्य आपोआप सुरू होते, असे नाही. लोकांचे मत जाणून घेण्याची रीत ठरवावी लागते आणि तिचा निकाल मानण्याची सवय समाजाला लावून घ्यावी लागते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात इ. स. १७९२ मध्ये झालेली गव्हर्नरची निवडणूक ह्या गोष्टीची साक्ष देते.

इ. स. १७७६ मध्ये अमेरिकेतील तेरा वसाहतींनी इंग्लंडचे जू झुगारून दिले. त्यापूर्वी अनेक वसाहतींत राजाने नेमलेला गव्हर्नर कारभार पाही. त्याच्या मनमानीची आठवण ताजी होती. म्हणून व्हर्जिनियासारख्या राज्यांनी गव्हर्नरची निवड विधिमंडळाकडे सोपविली व त्याची मुदत एकच वर्षाची ठेविली. न्यूयॉर्कने मात्र १७७७ च्या आपल्या राज्यघटनेत निराळा मार्ग धरला. तेथे गव्हर्नरची निवड मतदारांनी स्वतः करावयाची होती आणि त्याची मुदत तीन वर्षांची होती. अर्थात हे मतदार म्हणजे सारी जनता नव्हे. किमान शंभर पौंड किमतीची स्वतःची जमीन असलेल्या पुरुषांनाच हे मत देता येई. ही राज्यघटना तयार करण्यात जॉन जे ह्या तरुण कायदेपंडिताचा मोठा वाटा होता.

पहिल्याच निवडणुकीत जॉर्ज क्लिंटन गव्हर्नर झाले आणि पुढे पंधरा वर्षे त्या पदावर टिकून राहिले. १७९२ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते हेच जॉन जे. त्या वेळी ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते.

प्रत्येक जिल्ह्यातील मतपत्रिका पेटीत घालून शेरीफाने त्या राज्याच्या सचिवाकडे पोचवाव्यात आणि विधिमंडळातील १२ सभासदांच्या समितीने त्या मोजाव्यात, असा नियम होता. ऑट्सेगो जिल्ह्याची पेटी ज्या शेरीफाने पाठविली, त्याची मुदत संपली होती. पण त्याच्या जागी आलेल्या माणसाने अद्याप शपथ घेतली नव्हती. आणखी दोन जिल्ह्यांच्या पेट्या आणण्याच्या रीतीतही दोष निघाले. ह्या पेट्यांचे काय करावे? रूफस किंग ह्यांनी मते मोजावीत असा सल्ला दिला; अॅरन बर ह्यांनी त्याच्या उलट मत दिले. समितीत क्लिंटन ह्यांच्या पक्षाचे बहुमत होते. तिन्ही जिल्ह्यांची मते बाद ठरली आणि क्लिंटन अवघ्या १०८ मतांनी विजयी झाले. ऑट्सेगोमध्ये जे ह्यांचा जोर होता. तेथील मते मोजली असती, तर निकाल उलटला असता, असे त्यांच्या पक्षाचे म्हणणे होते.

नियमाच्या अक्षरासाठी मतदारांचा कौल डावलला गेला, म्हणून राज्यात संतापाची लाट उसळली. ठिकठिकाणी सभा भरल्या. काहींच्या तोंडी बळाची भाषा आली. जे ह्यांनी मनात आणले असते, तर ह्या आगीत तेल ओतणे त्यांना कठीण नव्हते. परंतु त्यांनी आपल्या चाहत्यांना संयम राखण्यास सांगितले. अन्यायाचे परिमार्जन पुढच्या निवडणुकीत व्हावे, ह्यातच राज्याचे हित आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आणि तसेच घडले. १७९५ मध्ये जे तहाच्या कामगिरीवर इंग्लंडला गेले असतानाच मतदारांनी त्यांना गव्हर्नर निवडले. प्रचाराचे एक भाषणही त्यांना करावे लागले नाही.

खरी कसोटी पुढेच होती. १८०० च्या वसंतात राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक विरुद्ध पक्षाने जिंकली. राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळच ठरवीत असे. तेव्हा जुन्या विधिमंडळाची मुदत संपण्यापूर्वी ते बोलावून ही रीतच बदलावी, असे पत्र अलेक्झांडर हॅमिल्टन ह्यांनी जे ह्यांना धाडले. दोघे एकाच पक्षाचे आणि जुने स्नेही. तरीही पक्षाच्या लाभासाठी असे करणे आपणांस शोभणार नाही, एवढा शेरा त्या पत्रावर लिहून जे ह्यांनी ते बाजूस ठेविले.

आठ वर्षांपूर्वी मते नाकारली गेल्याचे दुःख त्यांनी स्वतः सोसले होते. सत्ता हाती आल्यावर तेच दुःख त्यांनी दुसऱ्याच्या वाट्यास येऊ दिले नाही.