वळणाची किंमत

शिडाची होडी समोरून येणाऱ्या वाऱ्यावर मात करत त्याच्याच दिशेनं पुढे जाऊ शकते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण ती जाते! थेट वाऱ्याच्या तोंडावर नव्हे, साधारण ४५ अंशांचा कोन राखून. शिडाच्या दोन बाजूंवर हवेचा दाब सारखा राहत नाही आणि त्या फरकातून बळ मिळतं. त्यातलं बरंचसं होडीला आडवं रेटतं. तळाखाली खोल उतरलेली कील ते थोपवते, आणि बाकीचं बळ होडीला पुढे नेतं. थोडं उजवीकडे, मग वळून, म्हणजे टॅक घेऊन, डावीकडे, अशी नागमोडी वाटचाल.

समजा, वारा येतो बरोबर त्याच दिशेला मुक्काम १० मैलांवर आहे. या वाटेनं साधारण १४ मैल पडतात. एकच मोठं वळण घ्या की वीस लहान, बेरीज तीच! उलट प्रत्येक टॅकला शीड फडफडतं आणि वेग पडतो. मग एकदाच वळलेलं काय वाईट?

वारा स्थिर असता तर काहीच नाही. पण दोन होड्या निम्म्या वाटेवर आहेत असं धरा: एक लांब कडेला गेलेली, दुसरी छोट्या टॅकनी मधोमध राहिलेली. दोघींचे ७ मैल उरलेत. आता वारा १० अंश फिरला. तो कडेवरच्या होडीच्या विरुद्ध बाजूला सरकला, तर तिचे ७ मैल ८ च्या वर जातात. तिच्या बाजूला सरकला, तरी ७ चे ७ च राहतात. मधल्या होडीचं अंतर मात्र वारा कुठेही फिरो, किंचित घटतंच. हे गणित कागदावर मांडून पाहिलं, तेव्हा मी थक्क झालो.

माझं काम सॉफ्टवेअर सल्लागाराचं. तिथला वारा म्हणजे ग्राहकाची गरज. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे १७ जाणकारांनी सॉफ्टवेअर बनवण्याविषयीचा अजाइल जाहीरनामा लिहिला. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, हे त्याच्या चार सूत्रांपैकी एक. म्हणून दोन-तीन आठवड्यांत चालतं काहीतरी बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, दिशा तपासायची.

पण इथेही प्रत्येक वळणाला किंमत आहे. प्रकल्प जितका पुढे जाईल तितका बदल महाग, हा जुना समज. एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या अजाइल पद्धतीचे प्रणेते केंट बेक यांनी १९९९ च्या पुस्तकात विचारलं, ही किंमत वाढूच दिली नाही तर? त्यांच्या पद्धतीत आधी चाचणी लिहायची. ती नापास होताना पाहायची. ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा. मग तो नीटनेटका करायचा. अशा शेकडो चाचण्या साठल्या, की जुन्या कोडला हात लावताना काय मोडलं ते तिथल्या तिथे कळतं.

शिडावरही दोन्ही बाजूंना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे वाहत असले, तर शीड बरोबर लागलंय. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा थरथरला, तर होडी वाऱ्याच्या फार तोंडाशी गेली. वेग पडण्याआधीच सुकाणूवरचा हात सावध होतो.

म्हणून नव्या टीमला मी वेग आधी विचारत नाही. विचारतो, तुम्हाला एक वळण केवढ्याला पडतं? ते स्वस्त करा. मग वारा फिरण्याची भीती उरत नाही, त्याचा फायदा घेता येतो.