नसलेल्या देशाचं नसलेलं नाणं

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना 2001 पासून आहे. ही कंपनी मूळची चेक प्रजासत्ताकाची. तो देश 2004 मध्ये युरोपीय संघात गेला, पण त्याचं चलन आजही कोरुनाच आहे, युरो नाही. तरीही संग्राहकांच्या बाजारात 'चेक युरो'चे आठ नाण्यांचे संच मिळतात, तेही चकचकीत आणि डबीबंद. ते कोणत्याही सरकारने काढलेले नाहीत. खासगी टांकसाळींनी हौशी गिऱ्हाइकांसाठी पाडलेली ही 'फॅन्टसी' नाणी आहेत. ब्रिटन, डेन्मार्क, स्वीडन अशा युरो न स्वीकारलेल्या देशांच्या नावेही असे संच निघाले.

यांना सर्रास 'पॅटर्न' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खरा पॅटर्न म्हणजे टांकसाळीने नवं नाणं ठरवण्यापूर्वी पाडलेला नमुना. त्यावर वजन, कड, ठसा पारखला जातो आणि गरज पडली तर बदलही होतो. युरोचंच पाहा. नाणी 1 जानेवारी 2002 रोजी लोकांच्या हाती आली, पण त्याआधी 1999 मध्ये 50 सेंटच्या नाण्याचं वजन वाढवलं गेलं आणि कडेची घडण बदलली. अंधांच्या संघटनेला बोटांनी नाणी ओळखण्याची, तर विक्रीयंत्रं बनवणाऱ्यांना यंत्रांनी ती ओळखण्याची काळजी होती. पॅटर्नमागे असं काम असतं, फॅन्टसीमागे फक्त विक्री.

संग्राहकाने ती घेऊ नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. काहींचे ठसे खरोखर सुबक असतात, आणि जे चलन कधी आलंच नाही त्याची कल्पना करण्यात गंमतही आहे. युरोपीय संघाने 2004 च्या अखेरीस नियम करून युरोसारखी दिसणारी पदकं आणि टोकन काढण्यावर बंधनं घातली. त्यांवर 'युरो' हा शब्द छापणं अवघड झालं. म्हणूनच मूल्याच्या जागी भलताच शब्द दिसला, तर नाणं उलटसुलट करून पाहावं.

आपल्याकडचा नमुना याहून बेरकी आहे. राम, सीता, लक्ष्मण, हनुमान यांच्या चित्रांची 'ईस्ट इंडिया कंपनी' लिहिलेली तांब्याची नाणी जत्रेत आणि मोबाइलवर लाखोंच्या भावाने सांगितली जातात. त्यांवर 1616, 1717, 1818 अशी वर्षं असतात. 1616 मध्ये कंपनी सुरतेत वखार चालवत होती, आण्याची नाणी पाडत नव्हती! ही सगळी नंतर कुणीतरी पाडलेली कल्पित नाणी. युरोचा विक्रेता निदान बहुतेक वेळा 'फॅन्टसी' असं सांगतो. इथे मात्र देवांचा फोटो आणि कोटींचा आकडा पुरतो. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं होतं.

फॅन्टसी घ्यायचीच तर पदकाच्या भावाने घ्या, नाण्याच्या नको. विक्रेत्याला एकच विचारा, हे कोणत्या टांकसाळीने, कोणाच्या आदेशावरून पाडलं? आणि खर्चाची तयारी असेल, तर औरंगजेबाच्या काळात संभाजीनगरच्याच टांकसाळीने 'खुजिस्ता बुनियाद' या नावाने पाडलेला रुपया शोधा. तो कोणाच्या कल्पनेतला नाही.