घोड्याच्या पायाखालची फळी

घोडा विकत घेताना माणूस काय काय पाहतो! जबडा उघडून दात मोजतो, खूर उचलून पाहतो, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ हे चार जाणत्यांना विचारतो. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, तापीच्या काठी, एका भोवऱ्यापायी ठरत आलेला सौदा मोडलेला मी स्वतः पाहिला आहे. पण सौदा जमल्यावर तोच घोडा ज्या गाडीत चढवायचा, तिच्या तळाशी काय आहे हे वाकून पाहणारा इसम मला तिथे भेटला नाही. वर गवताचा थर दिसला की सगळे समाधानी!

आपण म्हणाल, आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मांजराला जागा नाही, तेथे घोड्याच्या गाडीची चिंता आम्ही कशाला वाहावी? अगदी रास्त प्रश्न आहे. पण मुंबईच्या शर्यतींचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर, त्यामुळे दरसाल कितीतरी घोडी बोरघाट चढतात आणि उतरतात. त्यांच्या गाडीमागून आपली मोटार जाते तेव्हा मुले काचेला नाक लावून बसतात. त्या गाडीत एक प्राणी चार पायांवर तोल सांभाळीत उभा असतो, आणि त्याचा सारा जीव पायाखालच्या फळीवर असतो. मी चाळीस वर्षे लाकडाची वखार चालविली. फळीचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी मुलांना घोड्यावर बसायला शिकविण्याचा उद्योग आरंभला आहे. तीन घोडी, एक तट्टू, आणि शनिवार-रविवारी येणारी पंधरा-वीस मुले. मुलांना स्पर्धेला न्यायचे म्हणजे घोडीही न्यायला हवीत, म्हणून त्यांनी जीपमागे जोडायचा, दोन घोड्यांचा जुना ट्रेलर विकत घेतला. रंग नवा, टायर नवे, आत जाड रबराची चटई. मला दाखवायला घेऊन आले.

“नाना, कसा काय वाटतो माल?”

“चटई उचला,” मी म्हणालो.

ती उचलायला दोघे लागले. चार फूट बाय सहा फुटांची, पाऊण इंच जाडीची रबरी चटई पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. ती कोणी उठल्या-सुटल्या उचलत नाही, आणि सारे दुखणे तेथेच आहे. खालच्या फळ्या वरून दिसायला ठाकठीक होत्या. मी दाभण घेतले आणि मागच्या बाजूच्या फळीत दाबले. लोण्यात सुरी जावी तसे ते मुठीपर्यंत गेले. सुभेदारांचा चेहरा उतरला. त्याच जागी त्यांची राणी नावाची घोडी उभी राहायची होती; वजन साडेचारशे किलोच्या घरात. चालत्या गाडीत फळी फुटून पाय खाली रस्त्यावर गेला तर पुढे काय होते, ते सणाच्या अंकात लिहिणार नाही. असे अपघात होतात, एवढेच सांगतो.

मागच्याच बाजूला का कुजले, हे समजण्याजोगे आहे. घोडा दिवसाकाठी पाच ते दहा लिटर लघवी करतो. घोडीची धार मागे पडते, घोड्याची पोटाखाली, म्हणजे मधल्या फळ्यांवर. तेव्हा जुन्या गाडीचा तळ तपासला की आत घोडे उभे राहत की घोड्या, याचाही अंदाज बांधता येतो! लघवीतून अमोनिया सुटतो. त्याचा दर्प डोळ्यांना झोंबतोच, पण लांबच्या प्रवासात मान वर बांधलेल्या जनावराच्या फुप्फुसांनाही तो बाधतो. आणि जे पाणी चटईखाली झिरपते त्याला वाळायला वाव मिळत नाही. तेथे बुरशी लागते आणि लाकूड आतून भुसभुशीत होते. फळी आडव्या लोखंडी पट्टीवर जेथे टेकते आणि तिची टोके जेथे कडेच्या अँगलखाली दाबलेली असतात, तेथे कुजण्याला आरंभ होतो. गृहिणींना हे निराळे समजावून सांगायला नको. ज्या मोरीला उतार नाही ती कितीही महागाच्या फरशीची असली तरी महिन्याभरात वास मारते.

आता नवा तळ कशाचा करावा? सुभेदारांच्या मेव्हण्यांनी प्लायवूड सुचविले. स्वस्त, सपाट, एका दिवसात काम! पण प्लायवूडच्या कडेतून पाणी शिरले की थर सुटू लागतात, आणि अखंड तक्त्यातून खाली निचराही होत नाही. दुसऱ्या एकाने ट्रकला घालतात ती लोखंडी चेकर्ड प्लेट सांगितली. ती ओली झाली की नाल ठोकलेला खूर तिच्यावरून घसरतो, ती गंजते, उन्हाळ्यात तापते, आणि तिचा खणखणाट ऐकून शहाणे जनावरही बिथरते.

अॅल्युमिनियमचा विचार मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत घरोघरच्या मोटारींमागे असे ट्रेलर धावतात, तेथे अॅल्युमिनियमचे तळ पुष्कळ. वजनाला हलके, कुजायचे नाव नाही. परंतु लघवीने त्यालाही पांढरी भुकटी धरते, बारीक खड्डे पडतात, आणि ते धुतले नाही तर पत्रा पातळ होत जातो. रस्त्याची धग आणि आवाज तो लाकडापेक्षा अधिक वर पोचवितो. जुन्या टायरांचे रबर आणि प्लॅस्टिक एकत्र करून केलेल्या फळ्याही तिकडे मिळतात. त्या कुजत नाहीत आणि पायाला मऊ लागतात. पण लाकडापेक्षा लवचिक व जड असल्यामुळे खालच्या आडव्या पट्ट्या जवळजवळ लावाव्या लागतात. जुन्या सांगाड्यावर त्या नुसत्या आणून टाकल्या तर मध्ये झोळ पडायचा.

वखारवाल्याने लाकडाची तरफदारी करावी यात नवल ते काय! तरीही करतो. अमेरिकन लोक पांढऱ्या ओकला मान देतात, कारण त्याच्या गाभ्यातील नळ्या निसर्गतःच बुजलेल्या असतात. त्याच गुणामुळे दारूची पिंपे त्याची करतात. लाल ओक दिसायला त्याचा भाऊ, पण त्याच्या नळ्या उघड्या, पाणी शोषून घेणाऱ्या. आपल्याकडे सागवान आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे जहाज १८१७ साली बांधले, ते इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे. मात्र साग म्हणजे गाभ्याचा साग. बाहेरचे पांढरे लाकूड त्याच भावात गळ्यात मारतात, आणि ते कुजायला दुसऱ्या कुठल्याही लाकडाइतकेच तयार असते.

सुभेदारांना एक इंची फळी पुरेशी वाटत होती. मी दोन इंची घ्यायला लावली. घोड्याचा खूर चहाच्या बशीएवढा. उतारावर ब्रेक लागला की निम्म्याहून अधिक भार पुढच्या दोन बशांवर येतो. दोन फळ्यांमध्ये पाव इंचाची फट ठेवली, निचऱ्यासाठी. गंज न चढणारे बोल्ट वापरले आणि त्यांची मुंडकी फळीत बुडविली, म्हणजे नाल अडकणार नाही. कीड लागू नये म्हणून औषध पाजलेले लाकूड घेणाऱ्यांना एक सूचना करून ठेवतो. त्या औषधात बहुधा तांब्याचा अंश असतो आणि अॅल्युमिनियमच्या सांगाड्याला टेकले की ते त्याला खाते. सुभेदारांचा सांगाडा लोखंडी होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

१९७८ च्या प्राणी वाहतुकीच्या नियमांत घोड्यांसाठी तळावर न घसरणारे काहीतरी हवे, दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर व्यासाचा बांबू हवा, समोरून येणाऱ्या वाहनांना बिचकू नयेत म्हणून तोंडे डावीकडे हवीत, असे बारकावे दिले आहेत. नियम माल वाहणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी आहेत. दोन घोड्यांच्या ट्रेलरमध्ये घोडी समोर तोंड करून उभ्या राहतात. पण न घसरण्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच, म्हणून रबरी चटई ठेवलीच. तिचे मी दोन तुकडे करविले. सुभेदार कुरकुरले, “चांगली अखंड चटई कापता, नाना!” पण आता एकटा मोतद्दार प्रत्येक खेपेनंतर एकेक तुकडा बाहेर ओढतो, तळ धुतो, आणि सुकेपर्यंत चटया भिंतीला टेकून ठेवतो. दर दोन महिन्यांनी दाभण टोचायचे, हातोडी ठोकून आवाज ऐकायचा. टणक आला तर बरे, बद्द आला तर ती फळी बदलायची. वर्षातून एकदा गाडीखाली पाठीवर निजून खालची बाजू पाहायची. हे शेवटचे काम सुभेदार कोणाला सांगत नाहीत, स्वतः करतात.

तळ पुरा झाल्यावर राणीला आणले. चढणीच्या फळीवर ती थांबली, नाक खाली नेऊन नव्या सागाचा वास घेतला, एक पाय आत टाकून दोनदा आपटला. आवाज भरीव आला. मग कोणी न ओढता ती आत गेली आणि समोरच्या जाळीतले गवत खाऊ लागली. मुलांनी टाळ्या पिटल्या, तेव्हा तिने कान तेवढे हलविले.