मातीचा नमुना आणि सेंद्रिय कर्ब

महसुली कारकुनींत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस एवढें पक्कें ठाऊक आहे कीं, मूळ नोंद चुकली म्हणजे पुढला सारा हिशेब चुकतो. मातीच्या परीक्षेचेंही तसेंच आहे. २०१५ सालीं मृदा आरोग्य पत्रिकेची योजना निघाली. तिच्या मूळ नियमाप्रमाणें बागायतींत अडीच व जिरायतींत दहा हेक्टरांस एक नमुना घ्यावयाचा होता. तेव्हां पत्रिकेंतील आंकडा आपल्याच शेतांतील मातीचा असेल असें नाहीं. आपल्या वहिवाटीनें कर्ब वाढतो कीं घटतो हें पाहावयाचें असेल, तर नमुना स्वतःच घेतला पाहिजे.

समजा, गटाच्या एका भागांत कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्या व दुसऱ्यांत तुकडे करून मातींत मिसळल्या. या दोन भागांचे नमुने निरनिराळे घ्यावे. मात्र दोन्हींकडील जमीन एकाच जातीची असावी. एकीकडे काळी व दुसरीकडे मुरमाड असल्यास फरक जमिनीचा कीं पऱ्हाट्यांचा, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वीं, नागमोडी चालत प्रत्येक भागांत आठ-दहा ठिकाणें निवडावीं. बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी. आम्हीं पहिल्या वर्षीं उकिरड्याजवळूनच माती उचलली, आणि आलेला आंकडा गांवभर मिरविला! दुसऱ्या वर्षीं तो खालीं आला तेव्हां आमची चूक आम्हांस उमगली.

खोलीविषयीं विशेष जपावें. कर्ब वरच्या थरांत अधिक असतो. म्हणून एकदां १५ व पुढच्या खेपेस २५ सेंटिमीटर खणल्यास कर्ब घटल्याचा खोटा भास होतो. पाचरीच्या आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून आंतली माती टाकून द्यावी व त्याच्या बाजूची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती काढावी. सर्व माती एकत्र करून चार वांटे करावे, समोरासमोरचे दोन ठेवावे. अर्धा किलो उरेपर्यंत असेंच करावें. सावलींत वाळवून आंत गट क्रमांक, तारीख, खोली, पीक व खत लिहिलेली चिठ्ठी घालावी.

कर्ब मोजण्याची वॉकली व ब्लॅक यांची रीत १९३४ सालची आहे. तींत चुनखडीचा कर्ब धरला जात नाहीं, ही आमच्या जालना जिल्ह्यांतील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीस मोठी सोय आहे. परंतु सेंद्रिय कर्बही तींत पूर्ण जळत नाहीं, उरलेला अंदाजानें धरतात. म्हणून प्रयोगशाळा बदलूं नये.

एकरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरांत अजमासें आठशें टन माती असते. तेव्हां ०.१ टक्का वाढ म्हणजे आठ क्विंटल कर्ब! तो एका पावसाळ्यांत कोठून येणार? तीन-चार वर्षांनीं त्याच महिन्यांत, त्याच खोलीवर पुन्हां नमुना घ्यावा, आणि तोंवर पहिली चिठ्ठी सातबाराच्या उताऱ्याजवळ जपून ठेवावी.