विश्लेषण : केसाहून बारीक टाका डॉक्टर शिकतात कसा?

धर्माबाद म्हटले की लाल मिरची आठवते. मिरची दळणाऱ्या गिरण्या, कडबा कुट्टी, सोयाबीनचे मळणी यंत्र... बोट किंवा पंजा यंत्रात जाण्याची धास्ती या पट्ट्यात कायमची. तुटलेले बोट पुन्हा जोडता येते. पण त्यासाठी मायक्रोसर्जरी येणारा सर्जन वेळेत गाठावा लागतो. असे सर्जन मोजकेच का, हे त्यांचे शिक्षण पाहिले की कळते.

काम किती बारीक?

बोटाची धमनी साधारण १ मिलिमीटर व्यासाची. ती शिवण्याचा नायलॉनचा धागा ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर जाड, म्हणजे केसाहूनही बारीक. एवढ्याशा नळीला गोलाकार आठ-दहा टाके घालायचे आणि आत रक्ताची गुठळी होऊ द्यायची नाही. साध्या नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा झाला, तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. इंजिनीअरिंगला हे सूत्र आम्ही पाठ केले होते. त्याचा कुणाच्या अंगठ्याशी संबंध असेल, असे तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

सुरुवात कधी झाली?

१९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ मध्ये जपानमधील कोमात्सु आणि तमाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. मुंबईत ऑगस्ट २०२० मध्ये रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीवर हात प्रत्यारोपण झाले, तेही याच कौशल्याच्या बळावर.

शिकवतात कसे?

एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमएस, मग नीट-एसएस परीक्षा आणि प्लास्टिक सर्जरीत तीन वर्षांचे एमसीएच, हा मुख्य मार्ग. मात्र या टाक्याचा पहिला सराव रुग्णावर होत नाही, प्रयोगशाळेत होतो. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. प्राथमिक अभ्यासक्रम बहुधा पाच दिवसांचा, सुमारे ४० तासांचा असतो.

आधी बसायला शिकवतात. मनगट टेबलावर टेकलेले, हालचाल फक्त बोटांची. डोळे मायक्रोस्कोपमधून काढायचे नाहीत. अवजार हातात दुसऱ्याने द्यायचे. हाताची जी थरथर एरवी जाणवतही नाही, ती इथे भूकंपासारखी दिसते. पहिले टाके रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर. मग सिलिकॉनची नळी, मग बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतली धमनी.

शेवटचा टप्पा भूल दिलेल्या उंदराच्या मांडीतील धमनीचा. तिचा व्यास बोटाच्या धमनीइतकाच, आणि आत खरे रक्त वाहत असते. त्यासाठी संस्थेच्या समितीची परवानगी आणि केंद्र सरकारचे नियम पाळावे लागतात. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सुई पलीकडच्या भिंतीतही अडकते आणि धमनी बंद होते. बाहेरून टाका सुबक दिसला तरी फसवा असू शकतो. म्हणून जोडाच्या पुढे धमनी चिमट्याने दाबून रिकामी करतात आणि सोडल्यावर ती भरते का, ते पाहतात. शेवटी जोड कापून, उलगडून आतून तपासतात. मला या सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत प्रामाणिक भाग हाच वाटतो. इथे तोंडी उत्तराला जागाच नाही.

आपल्या भागात याचा अर्थ काय?

धर्माबादहून नांदेड ७० किलोमीटरहून अधिक, हैदराबाद २०० किलोमीटरहून अधिक. मनगटाच्या वर तुटलेल्या भागात स्नायू असतात, म्हणून साधारण सहा तासांची मुदत मिळते. नीट थंड ठेवलेले बोट मात्र २४ तासांपर्यंतही जोडता येऊ शकते.

जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. तुटलेला भाग सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फावर थेट ठेवल्यास पेशी मरतात. धारदार पात्याने कापलेले बोट जोडण्याची शक्यता जास्त. गिरणीत चिरडलेले बहुतेकदा जोडता येत नाही. तरीही तो निर्णय सर्जनला घेऊ द्या, तुकडा टाकून देऊ नका. आणि गाडी सुटताच रुग्णालयाला फोन करून एकच प्रश्न विचारा : रक्तवाहिनी जोडणारे डॉक्टर आत्ता आहेत का?