‘आर्क्टिक वृत्त’ : एका संज्ञेचे अर्थांतर

सुमारे ६६° ३४′ उत्तर अक्षांशावरील आर्क्टिक वृत्ताचे नाव तेथील पांढऱ्या अस्वलांवरून पडले, हा समज साधार नाही. ग्रीक ‘आर्क्तोस’ म्हणजे अस्वल हे खरे. परंतु येथे अभिप्रेत आहे तो त्या नावाचा तारकासमूह, ज्यात आपले सप्तर्षी येतात. संस्कृत ‘ऋक्ष’ हा याच शब्दाचा सगोत्र असून, सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असे शतपथब्राह्मण सांगते. ग्रीकांचे हे वृत्त मूळचे आकाशातले, कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांची मर्यादा दाखविणारे. म्हणूनच ते निरीक्षकाच्या स्थानानुसार बदले. पुढे संज्ञा भूगोलात आली आणि ताऱ्यांची जागा सूर्याने घेतली. उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी जेथून उत्तरेस सूर्य मावळत नाही, ती मर्यादा म्हणजे आजचे आर्क्टिक वृत्त. नॉर्वे, सायबेरिया, अलास्का, ग्रीनलंड आणि मधले समुद्र ओलांडणाऱ्या या रेषेवर ऋक्षाचे नाव अद्याप टिकून आहे.